कपाटातली तीस मिलीची बाटली

आमच्या औषधाच्या दुकानात, गल्ल्याच्या मागे, वरून तिसऱ्या फळीवर डायक्लोफिनॅकच्या इंजेक्शनच्या तीस मिलीच्या बाटल्या ठेवलेल्या असत. वडिलांनी ती फळी मुद्दाम हाताशी ठेवली होती, कारण बाजाराच्या दिवशी दुसरे कोणतेही इंजेक्शन इतके खपत नसे. "आप्पा, म्हशीचा पाय सुजलाय, उभी राहत नाही, ते दुखण्याचं द्या," एवढे म्हटले की बाटली आणि सोबत एक जाड सुई कागदात गुंडाळून दिली जाई. चिठ्ठी विचारण्याची पद्धत तेव्हा नव्हती. डी. फार्म. होऊन मी दुकानात उभा राहू लागलो तेव्हा मीही ती विचारली नाही. औषध स्वस्त होते, त्याचा गुण दुसऱ्या दिवशी दिसत होता आणि लंगडणारा बैल पुन्हा औताला जुंपला जात होता. तक्रार करावी असे त्यात कोणालाच काही दिसत नव्हते.

अर्थशास्त्रज्ञ एयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन यांचा २०२४ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध वाचल्यापासून ती फळी माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. निबंध आहे भारतातली गिधाडे नाहीशी झाल्याने माणसांचे काय झाले याविषयी. त्यातला आकडा पुढे सांगतो. आधी गिधाडांचे काय झाले ते सांगायला हवे, कारण वैद्यक, जीवशास्त्र आणि वन्यजीव संवर्धन ही तीन शास्त्रे एकमेकांशी बोलत नसली की काय होते, याचे याहून स्वच्छ उदाहरण मला ठाऊक नाही.

ऐंशीच्या दशकात पांढऱ्या पाठीचे गिधाड हा जगातला बहुधा सर्वांत जास्त संख्येने आढळणारा मोठा शिकारी-वर्गीय पक्षी होता. भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात काम करणाऱ्या विभू प्रकाश यांना नव्वदच्या दशकात प्रथम असे दिसले की झाडांवर बसलेली गिधाडे माना खाली टाकून तासन्‌तास निश्चल राहतात आणि मग पडून मरतात. १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत भारतातल्या पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी घटली. लांब चोचीच्या आणि निमुळत्या चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी. हजारातले एक उरले असे म्हणताना वाक्य सहज होऊन जाते, म्हणून ते उलटे करून पाहावे: नऊशे नव्याण्णव गेले, आणि तेही वयाच्या पाचव्या वर्षाच्या आसपास वयात येणाऱ्या व वर्षाला एकच अंडे घालणाऱ्या पक्ष्याचे.

सुरुवातीला संशय एखाद्या विषाणूवर होता, आणि तो अवाजवी नव्हता, कारण इतक्या विस्तीर्ण प्रदेशात एकाच वेळी पसरणारी मरतूक बहुधा संसर्गाचीच असते. कीटकनाशके तपासली गेली, जड धातू तपासले गेले. उत्तर अखेर पाकिस्तानातल्या पंजाबात मिळाले. लिंडसे ओक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेली गिधाडे फाडून पाहिली, तेव्हा बहुसंख्य पक्ष्यांच्या हृदयावर, यकृतावर आणि मूत्रपिंडांवर चुन्याची पूड शिंपडावी तसा पांढरा थर बसलेला होता. तो यूरिक आम्लाचा थर होता. मूत्रपिंडे निकामी झाली की ते आम्ल बाहेर पडत नाही, रक्तात साठत जाते आणि आतल्या अवयवांवर साचते.

यापुढची पायरी औषधविक्रेता म्हणून मला फार जवळची वाटते. मूत्रपिंडांचा घात करणारे जंतू आणि नेहमीची विषे सापडेनात, तेव्हा या मंडळींनी प्रश्न उलटा टाकला: गिधाडे खातात काय? पाळीव जनावरांची मढी. मग त्या जनावरांच्या अंगात काय जाते? हे शोधण्यासाठी ते पशुवैद्यकांकडे आणि औषधांच्या दुकानांत गेले, आणि तोंडावाटे पोटात गेल्यावर शोषले जाणारे, मूत्रपिंडांना बाधू शकणारे आणि अलीकडेच बाजारात आलेले असे औषध कोणते, हे विचारत फिरले. तिन्ही अटींत बसणारे नाव एकच निघाले. मग मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडे तपासली गेली. ज्या पंचवीस पक्ष्यांत तो पांढरा थर होता त्या पंचवीसांतही डायक्लोफिनॅक सापडले. ज्या तेरांत थर नव्हता त्यांतल्या एकातही ते सापडले नाही. औषध टोचलेल्या म्हशीचे मांस बंदिस्त गिधाडांना खाऊ घातल्यावर तीही तशाच रीतीने मेली. हे संशोधन २००४ साली 'नेचर'मध्ये आले. म्हणजे उत्तर सापडले ते दुकानाच्या फळीवर, आणि ती फळी आमच्याही दुकानात होती.

यूरिक आम्लाबद्दल थोडे सांगायला हवे, कारण त्यातच सगळे इंगित आहे. आपण नको असलेला नायट्रोजन यूरियाच्या रूपात पाण्यात विरघळवून बाहेर टाकतो. पक्षी तो यूरिक आम्लाच्या रूपात टाकतात. पक्ष्याच्या विष्ठेतला पांढरा भाग तो हाच. नाशिकजवळच्या अंजनेरीच्या कड्याकडे पायथ्यावरून पाहिले की काळ्या कातळावर कुठे कुठे पांढरे ओघळ उतरलेले दिसतात. लांब चोचीची गिधाडे कड्यांच्या कपारींत घरटी करतात आणि त्या ओघळांवरूनच घरटी हेरली जातात. निरोगी गिधाडाच्या शरीरातून जो पदार्थ कड्यावर उतरतो तोच औषध खाल्लेल्या गिधाडाच्या हृदयावर बसतो. डायक्लोफिनॅक मूत्रपिंडातल्या पेशींची हे आम्ल बाहेर ढकलण्याची वाट अडवते आणि त्या पेशींनाही मारते, असे प्रयोगांवरून दिसले आहे. गिधाड दोन-तीन दिवसांत मरते. गंमत अशी की अमेरिकेतल्या टर्की गिधाडाला याच औषधाच्या मोठ्या मात्रा देऊनही फारसे काही झाले नाही. नावाने दोन्ही गिधाडेच, पण वंशाने दूरची. एका पक्ष्यावर चाचणी करून दुसऱ्याविषयी निर्धास्त होता येत नाही, हा औषधशास्त्रातला जुनाच धडा आहे.

तरी एक शंका मलाही बरीच वर्षे होती. आमच्या तालुक्यात मरणाऱ्या दर जनावराला काही आम्ही इंजेक्शन दिलेले नसे. बहुतेक जनावरे म्हातारपणाने, सर्पदंशाने, पोट फुगून मरत. मग थोड्याशा मढ्यांमुळे सबंध जात कशी संपेल? रीस ग्रीन आणि सहकाऱ्यांनी याचे गणित मांडले, आणि ते कोणाही विक्रेत्याची झोप उडवील असे आहे. दर ७६० मढ्यांत एक ते दर १३० मढ्यांत एक, एवढ्या प्रमाणात जरी प्राणघातक मात्रा असली, तरी प्रत्यक्षात दिसलेली घट घडून येऊ शकत होती. कारण गिधाडे एकेकटी जेवत नाहीत. एक उतरले की आकाशातून पाहणारी बाकीची उतरतात आणि बैलाएवढे मढे तासाभरात हाडांवर आणतात. जी सवय त्यांना इतकी कार्यक्षम बनवते तिच्यामुळेच एका मढ्यातले विष अनेकांच्या पोटी जाते. २००४-०५ मध्ये भारतात तपासलेल्या मढ्यांच्या नमुन्यांपैकी सुमारे दहा टक्क्यांत डायक्लोफिनॅक निघाले होते.

२००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी आली. मेलॉक्सिकॅम हे गिधाडांना निर्धोक असणारे औषध त्याच वर्षी सिद्ध झाले होते, पण तेव्हा ते महाग पडे. आता कबुली द्यायची ती इथे. बंदीनंतर जनावरांचे लेबल असलेल्या बाटल्या आमच्या फळीवरून गेल्या आणि त्यांच्या जागी माणसांचे लेबल असलेल्या, त्याच तीस मिलीच्या बाटल्या आल्या. माणसाला एका वेळी लागते तीन मिली. म्हणजे ती बाटली दहा माणसांची होती, आणि दहा माणसांना एका बाटलीतून टोचणारे दवाखाने आमच्या गावात किती होते ते मला पुरते माहीत होते. म्हशीच्या वजनाला मात्र साधारण तेवढेच औषध लागते. बाटली कुठे जाते हे पुरवठादाराला ठाऊक होते, मला ठाऊक होते, आणि बिलावर ग्राहकाचे नाव नुसते 'रोख' असे. २०१५ साली सरकारने माणसांसाठीचे हे इंजेक्शन तीन मिलीच्या एकेरी मात्रेतच विकण्याचा नियम केला. काही कंपन्या त्याविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयात गेल्या आणि २०१७ मध्ये हरल्या. हा नियम मला फार हुशारीचा वाटतो. त्याने कोणाला उपदेश केला नाही. म्हशीला टोचायचे तर दहा काचेचे अँप्यूल फोडत बसावे लागेल, एवढीच व्यवस्था केली. भल्या पहाटे गोठ्यात उभ्या असलेल्या माणसाला तेवढा त्रास पुरेसा असतो.

आता त्या २०२४ च्या निबंधाकडे येतो. २००८ साली अनिल मार्कंड्य आणि सहकाऱ्यांनी एक अंदाज मांडला होता: मढी खायला गिधाडे न उरल्याने भटकी कुत्री वाढली, चावे वाढले आणि १९९२ ते २००६ या काळात रेबीजने सुमारे ४८ हजार जादा मृत्यू झाले. फ्रँक आणि सुदर्शन यांनी फक्त रेबीज न पाहता सर्व कारणांनी होणारे मृत्यू घेतले. त्यांची युक्ती साधी आहे. देशातल्या काही जिल्ह्यांत गिधाडांना पूर्वापार अनुकूल परिस्थिती होती, काहींत नव्हती. पेटंट संपून स्वस्त डायक्लोफिनॅक बाजारात येण्यापूर्वी या दोन्ही गटांतले मृत्युदर जवळपास सारखे होते. ते आल्यानंतर ज्या जिल्ह्यांत मुळात गिधाडे होती तिथला मृत्युदर चार टक्क्यांहून अधिक वाढला. जिथे नव्हतीच, तिथे तशी वाढ दिसली नाही. यातून त्यांनी काढलेला अंदाज असा की २००० ते २००५ या काळात सुमारे पाच लाख माणसे जादा मेली. वाढ सर्वांत ठळक होती ती जनावरांची संख्या मोठी असलेल्या शहरी भागांत, आणि त्याला कारण आहे: खेड्यात मढे पुरायला किंवा लांब टाकायला जागा असते, शहराच्या कडेला ते नाल्यात जाते. रेबीजच्या लसींची विक्री, कुत्र्यांची संख्या आणि नद्यांच्या पाण्याची प्रत, या तिन्ही बाजूंनी त्यांनी आपला निष्कर्ष तपासला आहे.

पाच लाख हा आकडा मी जसाच्या तसा गिळलेला नाही. तो दोन गटांतल्या फरकावरून काढलेला अंदाज आहे. त्या वर्षांत या जिल्ह्यांत आणखीही पुष्कळ काही बदलत होते, आणि कोणत्याही एका मृत्यूच्या दाखल्यावर 'गिधाड नसल्यामुळे' असे लिहिलेले सापडणार नाही. पण आकडा निम्मा धरला तरी जी औषधे आपण सुरक्षित म्हणून विकतो त्यांच्या सुरक्षिततेची व्याख्या किती तोकडी आहे ते दिसतेच. डायक्लोफिनॅक म्हशीला सुरक्षित होते आणि, ठरलेले दिवस पाळले तर, दूध पिणाऱ्यालाही. परवाना देताना याच दोन पोटांचा विचार झाला. म्हैस मेली तर औषध तिसऱ्या कोणाच्या पोटात जाईल, हे विचारायची रीतच नव्हती.

ती अजूनही नीटशी पडलेली नाही. डायक्लोफिनॅकच्या जागी आलेले ॲसिक्लोफिनॅक गाई-बैलांच्या शरीरात गेल्यावर त्याचे डायक्लोफिनॅकच बनते, हे २०१६ साली दाखवून दिले गेले; त्यावर आणि किटोप्रोफेन या गिधाडांना घातक अशा दुसऱ्या वेदनाशामकावर बंदी आली ती २०२३ मध्ये. स्पेनने तर ही सगळी कथा माहीत असताना २०१३ साली जनावरांसाठी डायक्लोफिनॅकला परवाना दिला, आणि २०२० मध्ये कॅटलोनियात एका काळ्या गिधाडाचे पिल्लू त्यानेच मेलेले आढळले.

मुंबईत डुंगरवाडीच्या दख्म्यांवर, म्हणजे पारशी मृतदेह उघड्यावर ठेवतात त्या बुरुजांवर, गिधाडे येईनाशी झाली तेव्हा पारशी समाजाला सूर्यकिरण एकवटणारे आरसे बसवावे लागले. एका पक्ष्याच्या जाण्याने शतकानुशतके चाललेल्या अंत्यविधीचा आधारच निघून गेला. त्यावर बाहेरच्याने जास्त बोलू नये, पण त्या आरशांचा विचार मनात आला की त्यांच्या शेजारी मला आमची ती फळी दिसते.

हरियाणातल्या पिंजोरच्या केंद्रात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने वाढवलेली गिधाडे जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रात आणली गेली: लांब चोचीची दहा ताडोब्यात आणि पांढऱ्या पाठीची दहा पेंचमध्ये. सवय व्हावी म्हणून त्यांना आधी मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यांत ठेवून मग पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रे बांधून सोडण्यात आले. वाढवण्याचे काम वीस वर्षांचे आहे आणि ते करणाऱ्यांपुढे मी हात जोडतो. पण व्याघ्र प्रकल्पाची हद्द गिधाडाला कळत नाही. ते एका दिवसात कितीतरी तालुके ओलांडते, आणि त्या प्रत्येक तालुक्यात माझ्यासारखा कोणीतरी गल्ल्यावर बसलेला असतो.

गेल्या महिन्यात एक तरुण शेतकरी दुकानात आला. गाय व्यायल्यापासून कासेला सूज होती. त्याने मोबाइलवर कोणीतरी पाठवलेले नाव दाखवले: फ्लुनिक्सिन. तेही दुखण्या-सुजेचेच औषध, पण गिधाडांना घातक असल्याचा संशय असलेले. मी म्हटले, "दादा, मेलॉक्सिकॅम नेता का? काम तेच करील." तो म्हणाला, "डॉक्टरांनी हेच सांगितलंय." मी फोन लावून द्यायला सांगितला. पशुवैद्यक भले गृहस्थ निघाले. कारण ऐकून क्षणभर थांबले आणि म्हणाले, "इथं गिधाडं कुठं राहिलीत आता?" मी त्यांना सांगितले की अंजनेरीच्या कड्यावर ओघळ अजून पांढरे आहेत, पाऊस गेला की ताजे दिसतात. "बरं, द्या मग मेलॉक्सिकॅम," ते म्हणाले, आणि मी बिलावर त्या मुलाचे नाव लिहिले.