न मागता मिळालेली दृष्टी

बायबलमध्ये येशूचे जीवन सांगणाऱ्या योहानाच्या शुभवर्तमानातील नववा अध्याय वाचताना मी नेहमी एका गोष्टीपाशी थांबते, ती ही की येशूने ज्याला दृष्टी दिली त्या जन्मांध भिकाऱ्याने त्याच्याकडे काहीही मागितलेले नाही. यरीहोच्या वाटेवरचा आंधळा बार्तिमय लोक दटावत असतानाही दयेसाठी ओरडत राहतो; हा मात्र गप्प आहे. शिष्यांना त्याच्याविषयी एवढाच प्रश्न पडतो की, पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? येशू तो तर्क नाकारतो, थुंकीने माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावतो आणि शिलोह तळ्यावर धुवायला पाठवतो. (२००४ साली जेरुसलेममध्ये सांडपाण्याच्या वाहिनीचे काम चालू असताना या तळ्याच्या पायऱ्या सापडल्या.)

चमत्कार इतक्यातच संपतो. ४१ वचनांच्या अध्यायाचा बहुतेक भाग त्यानंतर परूश्यांनी, म्हणजे धर्मशास्त्र काटेकोरपणे पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांनी, केलेल्या चौकशीने व्यापलेला आहे. परूश्यांना आपण सहज दुष्ट ठरवतो, पण ते मला न्याय्य वाटत नाही. हे सारे शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या पवित्र विसाव्याच्या दिवशी घडले होते; त्या दिवसाविषयीची त्यांची कळकळ खरी होती, आणि पापी मनुष्य अशी चिन्हे कशी करील, असे विचारणारेही त्यांच्यात होतेच. तरीही 'आम्हांला ठाऊक आहे' या एका खात्रीपुढे समोर उभा असलेला डोळस मनुष्य त्यांना दिसेनासा होतो. यहुदी सभास्थानातून बहिष्कृत होण्याच्या भीतीने आईबाप उत्तर मुलावरच सोपवतात. तो मुलगा मात्र, प्रत्येक उलटतपासणीबरोबर, 'येशू नावाचा मनुष्य' येथून 'संदेष्टा' आणि पुढे 'देवापासून आलेला' येथपर्यंत पोहोचतो, आणि याच धिटाईबद्दल त्याला हाकलून दिले जाते. हे ऐकून येशू त्याला पुन्हा गाठतो. या दुसऱ्या भेटीत तो 'प्रभू, मी विश्वास ठेवतो' असे म्हणून नमन करतो. माझ्या मते कृपेचे मोठे कार्य तळ्याकाठी नव्हे, तर या भेटीत घडते.

'आम्हांला दिसते' असे म्हणणाऱ्यांचे पाप तसेच राहते, हे अध्यायाचे शेवटचे वचन कठोर आहे. पण त्यामुळे परूश्यांसाठी दार कायमचे बंद झाले असे मी मानत नाही, कारण 'प्रेषितांची कृत्ये' या बायबलमधील पुढच्या पुस्तकात तार्सचा शौल भेटतो. तोही परूशी, तोही पूर्ण खात्रीने येशूच्या शिष्यांना बांधून आणायला निघालेला, आणि त्यानेही काहीच मागितलेले नाही. दिमिष्क (दमास्कस) शहराच्या वाटेवर त्याची दृष्टी जाते, तीन दिवस तो अन्नपाण्याविना राहतो, आणि ज्यांना धरायला तो आला होता त्यांच्यापैकीच एक, हनन्या, त्याच्यावर हात ठेवून त्याला 'शौल भाऊ' म्हणतो.