नारूपासून सुरुवात

बीएस्सी नर्सिंगला जागतिक आरोग्याचं युनिट पहिल्यांदा माझ्याकडे आलं, तेव्हा मी डब्ल्यूएचओची रचना आणि शाश्वत विकासाची उद्दिष्टं फळ्यावर मांडली. मुलांनी मुकाट्याने उतरवून घेतली. तास संपल्यावर एकीने विचारलं, "मॅम, हे सगळं आफ्रिकेतलं ना? आपल्याला पोस्टिंगला कुठे लागणार?" तो प्रश्न मनातून जाईना.

दिवाळीच्या सुट्टीआधी वर्गाला एवढंच सांगितलं: घरी आजी-आजोबांना विचारा, नारू पाहिलाय का? नारू म्हणजे कातडीतून बाहेर येणारा दोऱ्यासारखा लांब जंत.

त्याच मुलीच्या आजीच्या घोट्यावर अजून वण होता. ऐन पेरणीत महिनाभर खाटेवर पडून, रोज थोडा थोडा नारू काडीला गुंडाळत काढला होता म्हणे. मग मी कच्च्या सुताचा मीटरभर धागा कणकेच्या गोळ्यात वेटोळं करून दडवला आणि काडी मुलांच्या हातात दिली. पहिल्या तिघांनी घाई केली, धागा तुटला. नारू असा आत तुटला की पाय सुजतो, पू होतो. चौथीने मात्र बोटभर ओढलं आणि थांबली.

नारूवर लस नाही, औषधही नाही. पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्यांबरोबर तो पोटात जातो आणि साधारण वर्षाने फोड येऊन बाहेर पडतो. आग होते म्हणून माणूस पायऱ्यांच्या विहिरीत पाय बुडवतो, की अळ्या पुन्हा पाण्यात. वर्षापूर्वी प्यायलेलं पाणी आणि आजचा फोड, हा संबंध गावकऱ्याला पटवायचा कसा? वर्गातच प्रसंग उभा केला: एकाला रुग्ण केलं, बाकीच्या परिचारिका. "पाणी गाळून प्या" यापलीकडे कुणाला जाता येईना. खरं शिकवणं तिथून सुरू झालं.

१९८६ च्या सुमारास जगात वर्षाला ३५ लाख लोकांना नारू होत होता. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये देश नारूमुक्त जाहीर झाला. लोकांनी दुहेरी कापडातून पाणी गाळलं, विहिरींत औषध टाकलं गेलं, कार्यकर्ते घरोघर फिरले. हे आकडे आता मुलांनी आपणहून लिहून घेतले.

"मग आता कुठे उरलाय?" तीच मुलगी. चाड, दक्षिण सुदान अशा आफ्रिकेतल्या थोड्या देशांत. माणसांत मोजकेच रुग्ण. पण चाडमध्ये कुत्र्यांनाही होतो, म्हणून तिथे कुत्री बांधून ठेवायला आणि माशांची आतडी पुरायला सांगतात.

पुढच्या तासाला तिने चाडमधल्या परिचारिकेची भूमिका मागून घेतली.