शॉवरचं कोमट पाणी

आज सकाळी पुन्हा इलेक्ट्रिक शॉवरमधून नुसतं कोमट पाणी, धार मात्र नेहमीसारखीच. पहिल्या इलेक्ट्रिशियनने कव्हरसुद्धा न उघडता "नवीनच बसवा" म्हणून कोटेशन दिलं, खूप राग आला. दुसरे काका आले, त्यांनी आधी मेन स्विच बंद केला, सप्लाय खरंच गेलाय ना ते तपासलं आणि मग मल्टिमीटर लावला, तर पाणी तापवणाऱ्या दोन एलिमेंटपैकी एकाचं रीडिंगच येईना, म्हणजे ते गेलेलं. शिवाय वायरचा स्क्रू ढिला, भोवतीचं प्लास्टिक तपकिरी पडून वितळलेलं! ८.५ किलोवॅटचा शॉवर २३० व्होल्टवर जवळजवळ ३७ अँपिअर करंट खेचतो, तिथे ढिला स्क्रू म्हणजे आगीलाच आमंत्रण. काकांनी एलिमेंट, टर्मिनल ब्लॉक (वायरी जोडायचा तो प्लास्टिकचा भाग), मजुरी सगळं वेगवेगळं लिहून दिलं, काम त्यांनाच दिलंय.