रिव्हर टच

माझा मेव्हणा मिनेसोटात राहतो. त्याने तिकडे घर घेतलं ते तळं किती लांब आहे ते बघून. शाळा कशी, ऑफिस किती लांब, हे सगळं त्याच्या बायकोने बघितलं, याचं एवढंच की गाडी काढल्यावर वीस मिनिटांत होडी पाण्यात पडली पाहिजे. मे महिन्यात वॉलाय माशाचा सीझन उघडला की हा गायब, थंडीत तळं गोठलं की बर्फाला भोक पाडून स्टुलावर बसतो, आणि नोव्हेंबरात लायसन्स काढून बंदूक घेऊन हरणाच्या मागे. दर फोनला हे ऐकून ऐकून माझ्याही डोक्यात किडा शिरला, की च्यायला आपण पण रिटायरमेंटची जागा अशीच का शोधू नये?

शिकारीचा प्रश्न आपल्याकडे कधीच मिटलाय. वन्यजीव कायदा आला आणि आजोबांची ठासणीची बंदूक फक्त गोष्टी सांगण्यापुरती उरली (रानडुकराचे वाटे घालायची त्यांची गोष्ट दर गणपतीत डुकराच्या वजनासकट वाढायची). मला त्याचं दुःख नाही, मला कोंबडी कापलेली बघवत नाही. पण गरी टाकायला बंदी नाही ना! व्हीआरएसचे पैसे आले, डोंबिवलीचा फ्लॅट भाड्याने जाईल अशी चिन्हं दिसली, आणि आम्ही जानेवारीत आठ दिवसांसाठी गाडी काढली. अटी दोघांच्या. बायकोची : हॉस्पिटल आणि मोबाईलला रेंज. माझी : सकाळी चहा पिऊन रॉड घेऊन चालत पाण्यापर्यंत जाता आलं पाहिजे, चालत म्हणजे चालत.

हर्णैला संध्याकाळचा लिलाव बघितला, मासे अप्रतिम, गर्दी अशी की आमच्या सहा अडतीसच्या लोकलची आठवण झाली. चिपळूण मला आवडलं होतं, वाशिष्ठी केवढी छान नदी, पण तिच्यात मगरी आहेत हे बायकोला हॉटेलच्या वेटरने सांगितलं आणि ती म्हणाली, "तू काय धरणार, तीच तुला धरेल." वर 2021 च्या जुलैमधल्या पुराच्या खुणा त्याच वेटरने भिंतीवर दाखवल्या. चिपळूण बाद. रत्नागिरीच्या भाट्याच्या पुलाखाली एक सकाळ बसलो, गरीला एक प्लास्टिकची पिशवी लागली. विजयदुर्ग मात्र अजून मनात आहे, वाघोटनची खाडी, किल्ला, शांतता, पण बायकोने तिथल्या स्टँडवर उभं राहून फोन वर धरला, खाली धरला, आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसली.

मग मालवण. तिथे एका एजंटने सांगितलं, कर्लीच्या खाडीकाठी एक नंबर प्लॉट आहे, रिव्हर टच. हा शब्द तो इतक्या वेळा म्हणाला की मला वाटलं सातबाऱ्यावर पण हेच लिहिलेलं असेल. सकाळी अकरालाच चला म्हणाला, नंतर ऊन होतं.

अकराला पोचलो आणि आईशप्पथ सांगतो, मी विरघळलो. माडांची रांग संपते तिथे हिरवंगार पाणी, काठाला अगदी चिकटलेलं, डाव्या हाताला कांदळवन, त्याची मुळं पाण्यात, लांबून एक होडी जातेय. मी गाडीतून रॉड काढला आणि मुळांच्या कडेला प्लास्टिकचा मासा टाकला. तिसऱ्या की चौथ्या फेकीला असा हिसका बसला की रीळ किंचाळलं, माशाने सरळ मुळांत धाव घेतली आणि तंगूस तुटला. तांबोशीच ती, दुसरं कोण असं मुळांत घुसणार. हात थरथरत होते. तेवढ्या वेळात मी मनात घर बांधून, ओटीवर झोपाळा टांगून, मेव्हण्याला फोटो पाठवून मोकळा झालो होतो. एजंट म्हणाला, "सर, ही झाडं आपण साफ करून देऊ, व्ह्यू ओपन होईल." कांदळवनाला हात लावायला हायकोर्टाने 2005 मध्येच मनाई केलीय, त्याच्यापासून 50 मीटरमध्ये बांधकामही करता येत नाही, हे मला माहीत होतं, त्याला तर नक्कीच असणार, शिवाय ती मुळं गेली तर तांबोशी कशाला राहील तिथे. तरी मी काही बोललो नाही. प्रेमात माणूस असाच गप्प बसतो. एक्कावन्न हजार टोकन द्यायचं ठरलं, मी तिथल्या तिथे फोन काढला आणि चाक फिरत राहिलं, फिरत राहिलं, रेंज नाही! बायकोचा चेहरा बघण्यासारखा होता. एजंट म्हणाला मालवणात जाऊन करू, जेवायला चला. मी म्हटलं तुम्ही हिला होमस्टेवर सोडा, मी बसतो इथे, संध्याकाळी न्यायला या. तो खूप आग्रह करत होता, उन्हात कशाला, लागेल ऊन. तेव्हा मला वाटलं काय काळजी करतो बिचारा.

दीडपर्यंत मजा. एक काळुंदर मिळाली तळहाताएवढी, आणि एक शेंगटी, तिचा काटा लागला तर दिवसभर ठणका, म्हणून चपलेखाली दाबून गरी काढली आणि सोडून दिली. मग फेक टाकली की शिसं आधी चिखलात बसायला लागलं. मी दोन पावलं पुढे झालो. मग अजून चार. वाटलं जरा ओसरलंय. तीनपर्यंत पाणी असं निघून गेलं की जणू कोणी बादली उपडी केली, काठापासून निदान दीडशे पावलं काळा चिकट चिखल, त्यात खेकड्यांची भोकं, आणि पलीकडे कुठेतरी पाण्याची एक रेघ. आणि वास! मला खाडीचा वास आवडतो असं मी लोकांना सांगत आलोय, पण हा वास झोपाळ्यावर बसून रोज दोन वेळा घ्यायचा नव्हता.

आता शहाणा माणूस काठावर बसला असता. मी पाण्याच्या रेघेकडे चालायला लागलो. वीसेक पावलांवर डावा पाय पोटरीपर्यंत गेला, तो काढायला उजव्यावर जोर दिला तर उजवा गुडघ्यापर्यंत, आणि चपला खालीच राहिल्या. हसू आलं आधी. मग घाम आला, कारण जेवढी धडपड तेवढं आत. रॉड आडवा धरून मी एखाद्या बुजगावण्यासारखा उभा.

लांबवर तीन बायका वाकून मुळे, म्हणजे चिखलातल्या शिंपल्या, काढत होत्या, त्यांनी बघितलं. एक ओरडली, "भावानू, हलू नकात! हललात तर आणखी रुततलात." ती काही धावली वगैरे नाही, सावकाश काठाला गेली, माडाचं पडलेलं चुडत ओढत आणलं, चिखलावर पसरलं आणि म्हणाली, "हेच्यार पोटार पडा." छप्पन्न वर्षांचा माणूस, मॅनेजर म्हणून निवृत्त, झावळीवर पालथा पडला आणि मगरीसारखा सरपटत बाहेर आला. चिपळूणच्या मगरीची बायकोने काढलेली आठवण नको तेव्हा आली. बाकीच्या दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या, आणि हसायलाच पाहिजे होतं.

काठावर बसून अंग पुसताना विचारलं, रोज असं होतं?

"रोज दोन वेळा. आज चतुर्दशी ना, उधाण मोठा, म्हणान सुकती पण मोठी."

सुकती म्हणजे ओहोटी. मग तिने हिशेब सांगितला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चौदाची पाऊणपट साडेदहा. तेव्हा पाणी काठोकाठ, पुढे सहाएक तासांनी तळ. अष्टमीला सहा, तेव्हा भांग, पाणी फार चढत नाही आणि फार उतरत पण नाही. मी बोटांवर मोजत बसलो आणि मला एजंटचं अकरा वाजताचं ऊन समजलं. ती म्हणाली, "जागेवाले सगळे भरतेकच येतत. सुकतेक आमीच." आणि ओंजळभर मुळे माझ्या टोपीत ओतले. पैसे देत होतो, घेतले नाहीत, वर चपला शोधून देते म्हणाली, पण एकच मिळाली.

संध्याकाळी एजंट आला, माझ्याकडे बघितलं, सीटवर वर्तमानपत्र पसरलं. टोकनबद्दल तो बोलला नाही, मीही नाही. होमस्टेच्या काकींनी मुळ्यांचं सुकं केलं, इतकं सुंदर की बायको म्हणाली हवं तर आपण इथेच राहू, पण रेंज असलेल्या ठिकाणी. तेव्हा सध्या मालवणात बाजाराजवळ अकरा महिन्यांच्या करारावर दोन खोल्या घेतल्यात, दवाखाना पायी पाच मिनिटं, पाणी स्कूटरने पंधरा. माझी चालतची अट गेली. पावसाळा काढून बघू म्हणतोय, जून-जुलै यांत्रिक होड्या बंद असतात तेव्हा बाजारात काय मिळतं आणि ओढ्याला चढणीचे मासे खरंच येतात का, ते बघितल्याशिवाय आता कुठे पैसे टाकणार नाही.

मेव्हण्याला फोटो पाठवला नाही, बायकोने पाठवला. चिखलातला.

परवा त्याच एजंटचा मेसेज आला. "सर, एकदम फ्रेश प्रॉपर्टी आहे, रिव्हर टच. रविवारी सकाळी अकराला या." कालनिर्णय भिंतीवरच आहे, उठून बघितलं. रविवारी पौर्णिमा.

मी लिहिलं, साडेचारला येतो.