तासाभरात होईल तेवढंच

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठवा असा ग्रुपवर मेसेज आला तोपर्यंत गॅदरिंग, कबड्डी, सहल हे सगळं बाकीच्यांनी घेऊन टाकलेलं, मग मी म्हटलं मी कार्यानुभवाच्या तासाबद्दल लिहिते. मी 1988 च्या दहावीच्या बॅचची. शाळेला 50 वर्षं झाली आणि माझ्या पर्समध्ये अजून क्रोशाची सुई असते, तर लिहायला हवंच ना.

शुक्रवारी शेवटचे दोन तास जोडून असायचे. विणकामाच्या बाई पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन यायच्या, त्यात लोकरीचे गुंडे, सुया, कात्री. आपण कोकणातले, स्वेटर घालायची वेळ वर्षातून चार दिवस येते, तरी आम्हा सगळ्या मुलींना स्वेटरच करायचा होता. बाई म्हणाल्या, "स्वेटर घरी करा. इथे तासाभरात होईल तेवढंच करायचं, आणि झालं की कोणालातरी देऊन टाकायचं." तेव्हा फार राग आलेला. पण आमच्या घरी ट्रंकेत आईचा एक स्वेटर होता, पाठ आणि एक बाही झालेली, माझ्या जन्माच्या आधीपासून तसाच डांबराच्या गोळ्यांत पडून. तो आठवला आणि बाई काय म्हणतायत ते कळलं.

पहिली वस्तू म्हणजे कपाखालची गोल चकती. सुरुवातीच्या गोलात 12 खांब, म्हणजे क्रोशाचे उभे टाके, दुसऱ्या फेरीत प्रत्येक खांबावर दोन म्हणजे 24, मग एकाआड एक वाढवून 36, मग दोन सोडून एक म्हणजे 48. दर फेरीला 12 च वाढले पाहिजेत, कमी वाढले तर काम वाटीसारखं वळतं, जास्त वाढले तर झालरीसारखं लाटा मारतं. मी तिसऱ्या फेरीत वाढवायचंच विसरले आणि माझी चकती वळली. मी रडवेली. बाईंनी ती उचलली, कडेला एक फेरी शिंपल्यासारख्या दिसणाऱ्या टाक्यांची घातली आणि म्हणाल्या, "हे बघ, बाळकृष्णाचं टोपडं झालं." त्या वर्षी गोकुळाष्टमीला आमच्या देवघरातल्या बाळकृष्णाच्या डोक्यावर तेच होतं. पिवळं. अजून आहे ते, आईने जपून ठेवलंय.

बाई तपासायच्या ते मात्र नेहमी उलट बाजूने. दोऱ्याची टोकं नीट आत ओवलीयेत का, की नुसती कापून सोडलीत. टोक सुटलेलं दिसलं की परत.

आता मी डोंबिवलीला राहते, नोकरी मुंबईत. लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली की सुई बाहेर निघते आणि एक चकती साधारण एका प्रवासात होते, डोंबिवलीला सुरू केली की भायखळ्याच्या आसपास दोरा कापायचा. यूट्यूबवर पॅटर्न भरपूर आहेत पण त्यात एक घोळ आहे, अमेरिकन बाई ज्याला डबल क्रोशे म्हणते त्यालाच ब्रिटिश ट्रेबल म्हणतात, नवीन मुली तिथेच अडकतात. मी त्यांना सांगते, दोन्ही विसरा, तो आपला खांब. सुयांचंही तेच, आपल्या जुन्या नंबरात नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, 10 नंबर म्हणजे सव्वातीन मिलिमीटर. हे सगळं त्या डब्यातून आलेलं ज्ञान आहे.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी गेली काही वर्षं प्लॅस्टिकचं वाण देणं बंदच केलंय. दिवाळी झाली की सुती दोऱ्याच्या चकत्या करायला घेते, रोज एक, संक्रांतीपर्यंत साठ होतात. राखी तर अर्ध्या तासाचं काम, पाच पाकळ्यांचं फूल आणि दोन्हीकडे साखळी. आणि ओळखीत कोणाकडे बाळ झालं की टोपडं, बेबी वूलचं, गोंडा नाही, बटण नाही, कारण बाळ ते ओढून तोंडात घालतं. नवजात बाळाचं डोकं साधारण 35 सेंटीमीटर असतं, टोपडं त्याहून थोडं कमी घेराचं करायचं म्हणजे ताणून नीट बसतं. मोठ्ठं ब्लँकेट करायचा मोह मलाही होतो, पण बाळ रांगायला लागलं तरी ते संपत नाही. टोपडं बारशाला हातात असतं.

गेल्या गणपतीत गावी गेले तेव्हा बाईंकडे जाऊन आले. हात थरथरतात आता, सुई धरता येत नाही त्यांना. मी केलेली चकती दिली तर त्यांनी आधी उलटी केली, अंगठ्याने टोकं चाचपली, बराच वेळ, मग सुलट करून स्टुलावर ठेवली आणि सुनेला म्हणाल्या, "चहा ठेव गं, हिला साखर जास्त लागते."

महोत्सवाच्या दिवशी शाळेच्या लायब्ररीला 50 बुकमार्क द्यायचे ठरवलेत, निळे-पांढरे, आपल्या गणवेशाच्या रंगाचे. 38 झालेत. टोकं सगळ्यांची आत ओवलेली आहेत.