उद्या श्राद्ध, आज तयारी

पितृपक्षात नागपुरात ऊन आणि पाऊस दोन्ही असतात, म्हणून भाजी आदल्या संध्याकाळीच आणावी. गवार, कोहळं, अळू, कारली लागतात, आमसूल घरात असतंच. सांबार (कोथिंबीर) लागतो, पण कांदा-लसूण नाही.

खरी परीक्षा वड्यांची. दहा माणसांना अर्धा किलो उडदाची डाळ पुरते. ती तीन-चार तास भिजली की बस. रात्रभर ठेवली तर पाणी जास्त पिते, पीठ सैल होतं आणि वडा तेल ओढतो. वाटताना पाणी चमच्यानेच घाला. पिठाचा थेंब वाटीभर पाण्यात टाकून बघा: तरंगला तर फेटणं झालं. मीठ तळायच्या आधी, नाहीतर पीठ पाणी सोडतं.

खिरीत गूळ घालायचा असेल तर गॅस बंद करून, थोडं निवल्यावर. उकळत्या दुधात हमखास फाटते.

पिंडाचा भात वेगळा लावावा, बिनमिठाचा, मऊसर. मोकळा भात पिंडाला धरत नाही. कोमट असतानाच काळे तीळ घालून वळावा. दर्भ वाळलेला असेल तर दहा मिनिटं पाण्यात ठेवा, नाहीतर पवित्रक (दर्भाची अंगठी) वळताना तुटतं. तर्पणाचं पाणी अंगठा आणि तर्जनीच्या मधून सोडायचं, जानवं उजव्या खांद्यावर. हे ऐनवेळी हमखास विसरतात.

पळसाच्या पत्रावळी मात्र दोन जास्तीच्या आणा. एखादी फाटकी निघतेच. आणि कावळ्याचा घास गच्चीवर ठेवाल तर मांजरीवर लक्ष असू द्या.