फडताळातलं नाक

दिवाळीच्या आधी आईकडे गेले की फडताळ पुसायचं काम ठरलेलं. डबे उतरवायचे, खालचे जुने पेपर काढायचे, फळ्यांवरून ओलं फडकं फिरवायचं. यंदा सगळ्यात वरच्या फळीवर, मेतकुटाच्या डब्याखाली निघालेला पेपर पार पिवळा, पापडासारखा मोडणारा होता. कोपऱ्यात एक कॉलमी व्यंगचित्र. खालची ओळ फाटलेली, सही तेलाच्या डागाखाली गेलेली. उरले होते ते एक गृहस्थ. डोक्यावर टोपी, हातात उपडा धरलेला रॉकेलचा डबा आणि ओठांवर छपरासारखं आलेलं भलंमोठं नाक.

"आई, हा कोण गं?"

आईने चष्मा वर-खाली केला. "अगं तो नाही का, रॉकेलचा मंत्री! नाव अगदी ओठांवर आहे बघ. नाकावरून कळत नाही तुला?"

मला काय कळणार? मी तेव्हा पाटीवर ग म भ न गिरवत असेन. पण आईला कळलं होतं. बातमी गेली, नाव गेलं, नाक मात्र लक्षात.

आमच्याकडे सकाळी पेपर आधी बाबांच्या हातात पडायचा. ते पहिल्यांदा लक्ष्मणचं चित्र बघायचे. १९५१ सालापासून 'टाइम्स'मध्ये उभा असलेला तो चौकड्यांच्या कोटातला, धोतरातला कॉमन मॅन. कधी चकार शब्द काढला नाही त्याने. बोलायची ती त्याची बायको. आमच्या घरी उलटं होतं. बाबा चित्र बघून स्वतःशी हसायचे आणि मग आम्हाला समजावून सांगायला बसायचे. कोणतं खातं, कोणता घोळ, कोण कुणाला काय म्हणालं. तोवर चहा निवायचा आणि विनोदही.

'मार्मिक'च्या आठवणी मात्र त्यांनी रंगवून सांगाव्यात. १९६० च्या ऑगस्टात बाळ आणि श्रीकांत या ठाकरे बंधूंनी काढलेलं हे व्यंगचित्र साप्ताहिक. त्यात 'रविवारची जत्रा' असायची, आठवड्याभरातल्या पुढाऱ्यांची मिरवणूकच. राजकारण पटो न पटो, हात जबरदस्त होता यात वाद नाही. बाबांना त्यातल्या रेषेइतकंच वाट बघण्याचंही अप्रूप होतं. सोमवारी घडलेल्या गोष्टीवर हसायला थांबावं लागायचं. तोवर ती कैरीच्या लोणच्यासारखी मुरलेली असायची.

मुरण्यावरून मला नेहमी अबू अब्राहम यांचं चित्र आठवतं. आणीबाणीच्या हुकमावर सही झाली २५ जून १९७५ च्या रात्री. 'शंकर्स वीकली' या व्यंगचित्रांच्या इंग्रजी साप्ताहिकाने त्याच वर्षी गाशा गुंडाळला. आणि डिसेंबरात 'इंडियन एक्सप्रेस'मध्ये अबूंनी राष्ट्रपतींना टबात बसवलं. आंघोळ अर्धी झालेली, अंगावर कपडा नाही, आणि ते दारातल्या माणसाच्या हाती सही केलेला कागद देतायत. आणखी वटहुकूम असतील तर जरा थांबायला सांगा, एवढंच म्हणतायत. आणीबाणी हा शब्दसुद्धा नाही त्यात. रागाचा एक फटकारा नाही. सेन्सॉरच्या काळात हे छापून आलं याचं मला अजून नवल वाटतं. कदाचित तपासणाऱ्यालाही हसू आलं असेल. हा माझा आपला अंदाज.

आता माझ्या फोनवर विनोद आधी येतो आणि बातमी मागून. परवा सकाळी सात वाजता भावजयीने कुणाच्या तरी राजीनाम्यावरचा विनोद धाडला. मी हसणारं तोंड पाठवून दिलं आणि मग शोधत बसले की राजीनामा दिला कुणी! दुपारपर्यंत तोच विनोद चार ग्रुपांवरून आला. संध्याकाळी त्या गृहस्थांनी राजीनामा मागे घेतला, तेव्हा त्यावरचे वेगळे. दुसऱ्या दिवशी एकही धड आठवेना. चेहरेसुद्धा नाहीत, कारण त्यात चेहरे काढलेले नसतातच. फोटोच चिकटवलेले असतात, आणि फोटोत नाक आपलं नाकाएवढंच.

फळीवर नवा पेपर अंथरला. जुना चुरगळायला घेतला तर आईने हातातून काढून घेतला आणि घडी घालून मिसळणाच्या डब्याखाली सरकवला.

रात्री अकराला मला हलवून उठवलं.

"आठवलं! अगं, तो तेव्हा मंत्री नव्हताच. विरोधात होता. रॉकेल मिळत नाही म्हणून मोर्चा काढला होता त्याने. मंत्री नंतर झाला."

"मग मिळायला लागलं का रॉकेल?"

"छे गं," म्हणत आईने दिवा घालवला. "पण नाव नाही आठवलं हं अजून."